समोरचं शटर

समोरचा गाळा माझ्या मालकीचा, पण त्याचं शटर रोज नऊला उघडतो भाडेकरू दामू टेलर. नजर अधू झालीय, गिऱ्हाईक फिरकत नाही, तरी रिकामं मशीन पायानं चालवत बसतो. दुकान बंद राहिलं तर गाळा रिकामा करून घ्यायच्या माझ्या दाव्यात कोर्टात माझं फावेल, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. मी गॅलरीत चहा घेत पाळत ठेवतो. मला बघून तो मुद्दाम ओरडतो, “मालक, अजून जिवंत आहे मी!”

पोटची पोरंही माझी इतकी दखल घेत नाहीत. मायेत माणूस खाडे करतो, वैरात नाही.

आज अकरा वाजले तरी शटर उघडलं नाही. चहा निवून गेला. दामूच्या घरचा नंबर माझ्याकडे आहे.

मी वकिलाला फोन लावला.