हुशार मुलांसाठी केलेला अर्ज

अर्ज कसा लिहावा हे मला दुसऱ्याने समजावून सांगावे, ही वेळ माझ्यावर अमेरिकेत आली. माझे शिक्षण अर्धवट राहिले, हे मी लपवत नाही. परंतु तहसील कचेरीच्या आवारात टेबल टाकून मी जे अर्ज लिहिले, त्यांत एकही शब्द जास्तीचा नव्हता, हे तिथले अव्वल कारकूनसुद्धा मान्य करीत. वकिलीची पाटी लावलेले लोक आपले पक्षकार माझ्याकडे पाठवीत. कारण त्यांचा अर्ज कायद्याला धरून असे आणि माझा माणसाला धरून. माझा नियम एकच होता. अर्जदाराला काय कमी आहे, ते पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ आले पाहिजे. विधवेला पेन्शन हवी असेल तर तिच्या भावाचा नवा ट्रॅक्टर अर्जात येता कामा नये. लोकांना मात्र ट्रॅक्टर सांगायचाच असे. मी तो खोडत असे आणि पेन्शन मंजूर होत असे.

धाकट्या बहिणीने आम्हा नवराबायकोला न्यू जर्सीत बोलावून घेतले, तेव्हा हे सारे मागे राहिले. मी एका भारतीय किराणा दुकानात माल लावू लागलो. माझी पत्नी गावी बालवाडी चालवत असे. तिने इथे मंदिराच्या तळघरातल्या हॉलमध्ये सकाळचा बालवर्ग सुरू केला. नोकरदार मराठी कुटुंबांची मुले तिथे येत आणि तिला मावशी म्हणत. आईवडील घरूनच काम करीत, पण दाराआड मीटिंगमध्ये असत. मुलांना वाढवत ते आळीपाळीने भारतातून येणारे आजी-आजोबा. त्यामुळे मुले आपसांत मराठी बोलत आणि पाचव्या वर्षी एकदम इंग्रजी शाळेच्या बसमध्ये चढत.

त्यांच्यातल्या एका मुलीमुळे मी हे लिहीत आहे. आई नागपूरची, वडील पुण्याचे, दोघेही कंपनीत. मुलगी घरात अखंड बोले. घराबाहेर मात्र कोणत्याही भाषेत तोंड उघडत नसे. वर्गात तिला बाथरूमला जायचे झाले की ती माझ्या पत्नीची ओढणी ओढी, आणि पत्नीला ते कळे. एकदा कोणाच्या तरी वाढदिवसाला ती ओढणी जवळ नव्हती. सगळ्यांच्या देखत मुलीचा फ्रॉक ओला झाला. दुसऱ्या दिवशी तिची आई वर्ग सुटल्यावर थांबली.

"काकू, सप्टेंबरमध्ये ही शाळेत जाणार. तिथे ही कोणाची ओढणी ओढणार?"

याचे उत्तर माझ्या पत्नीला ग्रंथालयातल्या बाईंनी दिले. त्या बाई दर आठवड्याला मुलांना गोष्टी वाचून दाखवीत आणि इथल्या स्थानिक काउन्सिलच्या सभासदही होत्या. ही काउन्सिल म्हणजे शाळा, ग्रंथालय, आरोग्य खाते यांतली माणसे आणि काही पालक. लहान मुलांची शाळेची तयारी नीट व्हावी म्हणून सरकारकडून येणारा निधी ती अर्ज मागवून वाटते. बाई म्हणाल्या, तुम्ही अर्ज करा. मंजूर झाला तर न बोलणाऱ्या मुलांसोबत काम करणारी शिक्षिका तुमच्या वर्गात येईल. रांगेत उभे राहणे, नाव सांगणे, पाणी मागणे, हे ती मुलांकडून रोज करून घेईल.

पत्नी घरी आली ती चप्पलही न काढता म्हणाली, "अहो, तुमच्या कामाचं काहीतरी आणलंय."

इतक्या वर्षांनी मला कोणी माझे काम दिले होते. मी मराठीत मसुदा केला. पहिल्याच परिच्छेदात लिहिले: "आमच्या वर्गातील मुलांना अक्षरे येतात, आकडे येतात; परंतु अनोळखी मोठ्या माणसाला आपली गरज सांगता येत नाही. एक मुलगी घराबाहेर मुळीच बोलत नाही. ती येत्या सप्टेंबरात शाळेत जाईल, तेव्हा तिची खूण ओळखणारे तिथे कोणीही नसेल." मुलीच्या आईने तो वाचला. तिचे डोळे भरून आले. "काका, एक शब्दही बदलू नका," ती म्हणाली.

बदल करणारे दुसरेच होते. बालवर्ग इथल्या मराठी मंडळाच्या नावावर होता आणि मंडळाचे अध्यक्ष होते माझे मेहुणे, आम्हाला इथे बोलावणाऱ्या बहिणीचे यजमान. मोठे इंजिनिअर. सही त्यांची आणि इंग्रजीही त्यांचेच. त्यांनी रविवारी पालकांना हॉलमध्ये बोलावले आणि माझा मसुदा मोठ्याने वाचला. मुलीचे वडील भिंतीला टेकून उभे होते. ते पुढे आले.

"काका, हे कोणी लिहायला सांगितलं?"

"मुलीच्या गरजेने," मी म्हणालो.

"नाव नाही लिहिलं, पण सगळ्यांना कळतंय ना यार! उद्या शाळेच्या रेकॉर्डवर जाईल. शी इज जस्ट शाय. घरी येऊन बघा, कान किटतील तुमचे."

त्यांची पत्नी शेजारीच होती. ती काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती मोबाइलकडे पाहत राहिली.

मेहुणे समजुतीच्या सुरात म्हणाले, "दादा, टोन फार निगेटिव्ह झालाय. इथे असं रडगाणं चालत नाही. आपल्या मुलांची स्ट्रेंग्थ दाखवायची असते."

"स्ट्रेंग्थ असती तर अर्ज कशाला केला असता? मग स्थळासाठी काढतात तसा बायोडेटाच पाठवा. रंग गोरा, स्वभाव मनमिळाऊ."

काही जण हसले. मेहुणे हसले नाहीत. "दादा, तुमची तहसील कचेरी वेगळी होती," ते म्हणाले, आणि त्या सभेत माझा विषय संपला.

इंग्रजी अर्ज गेला तो असा: आमची मुले अत्यंत बुद्धिमान असून, समृद्ध संस्कृतीत वाढलेली आहेत, त्यांना आणखी पुढे नेण्यासाठी साह्य हवे आहे. मुलीचे वाक्य गळले होते. मला तो अर्ज पाठवून झाल्यावर दाखवण्यात आला.

तरीही आशा होती. काउन्सिलची माणसे निर्णयापूर्वी प्रत्येक वर्ग पाहायला येत. पत्नी म्हणाली, "कागदावर काही असू दे, डोळ्यांनी बघतील ना. वर्ग रोजच्यासारखाच ठेवायचा. मुलं जशी आहेत तशी दिसू देत." तिने पालकांना तसा निरोपही दिला. त्याचा परिणाम उलटा झाला. काउन्सिल येणार, एवढेच पालकांनी ऐकले.

आपण सारे तपासणीत वाढलेली माणसे आहोत. साहेब शाळेत येणार म्हटले की अंगण सारवायचे, भिंतीवर तक्ते लावायचे, हुशार मुलगा पहिल्या बाकावर बसवायचा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या दिवशी घरी ठेवायचे. साहेब शेरा देऊन जात. शाळेत काय कमी आहे हे विचारायला कोणी येत नसे. म्हणून ते दाखवायची सवयही आपल्याला लागली नाही. पालकांपैकी कोणी दुसऱ्या राज्यात अ‍ॅशबर्नला नोकरी करून आलेले, कोणी स्टेट कॉलेज नावाच्या गावी एम.एस. केलेले; पण ती सारवण्याची सवय सामानाबरोबर आलीच.

त्या सकाळी मी दुकानातून सुट्टी घेऊन हॉलमध्ये आलो आणि दारातच थबकलो. मुलांना झब्बे, मुलींना नऊवारी. टेबलावर ढोकळा आणि कॉफी. एका कोपऱ्यात कोणाच्या तरी आजोबांनी मुलांना ग्रहांची नावे पुन्हा पुन्हा म्हणायला लावली होती. माझी पत्नी फळ्याजवळ हात बांधून उभी होती.

"अगं, हे काय?"

"मला काय विचारता? सकाळी आले तेव्हा तोरण लागलेलं होतं."

ग्रंथालयातल्या बाई आणि त्यांच्याबरोबर काउन्सिलचे आणखी एक गृहस्थ आले. कार्यक्रम सुरू झाला. एकाने राज्यांच्या राजधान्या म्हटल्या. दुसऱ्याने उलटे आकडे म्हटले. "बेटा, ते श्लोक पण म्हण! अरे, म्हण ना, घरी किती छान म्हणतोस!" आया मागून कुजबुजत होत्या, आजोबा टाळ्या वाजवीत होते, मोबाइल वर उचललेले होते. पाहुणेही टाळ्या वाजवू लागले. त्यांना कौतुक वाटत होते आणि त्यात खोटे काहीच नव्हते. पाठांतर खरेच उत्तम होते.

ती मुलगी मागच्या रांगेत उभी होती. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी तिला हळू आवाजात नाव विचारले. मुलीने बाईंकडे पाहिले. माझी पत्नी एक पाऊल पुढे सरकली आणि थांबली. मुलीच्या वतीने बोलायचे नाही, असे तिने ठरवले होते. त्या बाईंना वाट पाहता येत होती, हे मला दिसत होते. आणखी थोडा वेळ तशीच शांतता राहिली असती, तर जे माझ्या मसुद्यात होते ते आपोआप त्यांच्यापुढे आले असते.

"ओह, शी इज व्हेरी शाय!" वडील मधे आले. "बट शी रीड्स ऑलरेडी! हो ना ग पिल्लू?" त्यांनी मुलीला उचलून कडेवर घेतले. बाई हसून उभ्या राहिल्या.

मग मला राहवले नाही. मी पुढे झालो आणि मराठीत, परंतु अत्यंत व्यवस्थित, म्हणालो, "बाई, आपण पाहिलेत ते पाठांतर आहे. ही मुले हुशार आहेत यात वाद नाही; पण यांतल्या अनेकांना तुमच्या शाळेत पाण्याचा घोटसुद्धा मागता येणार नाही. आम्हाला मदत हवी आहे ती त्यासाठी." मी मेहुण्यांकडे पाहिले. त्यांनी इंग्रजीत सांगितले. माझे इंग्रजी तोकडे असले तरी ऐकून समजण्याइतके निश्चित आहे. ते म्हणाले होते की हे आमच्या शिक्षिकेचे यजमान, आणि यांना या मुलांचा फार अभिमान वाटतो.

बाईंनी माझा हात हातात घेऊन दाबला. मी तो मागे घेतला नाही.

पाहुणे गेल्यावर मी मेहुण्यांना गाठले. "मी हे बोललो नव्हतो."

"दादा, लोकांसमोर आपल्याच मुलांना नावं ठेवायची का? त्यांच्या आया मागे उभ्या होत्या."

"तुम्ही मला खोटे पाडलेत."

"उलट, तुमची बाजू सांभाळली. ढोकळा घेतला का?"

माझी पत्नी तोवर मुलांच्या चटया गुंडाळू लागली होती. तिने आमच्या दोघांकडेही पाहिले नाही.

पुढे काउन्सिलचे उत्तर आले. इतक्या सभ्य शब्दांत नामंजुरी मी माझ्या साऱ्या कारकिर्दीत पाहिली नव्हती. मुलांची शाळेची तयारी पाहून सभासदांना मनापासून आनंद झाला. निधी मर्यादित असल्यामुळे तो यंदा अधिक गरज असलेल्या वर्गाला देण्यात येत आहे. मला त्यात एकही चूक काढता आली नाही. त्यांच्यासमोर जे आले, त्यावर त्यांनी न्याय केला. मी त्या खुर्चीत असतो तर हाच शेरा मारला असता, आणि हे मला सर्वांत जास्त बोचते.

पालकांच्या ग्रुपवर मेहुण्यांनी ते उत्तर टाकले. खाली अभिनंदनाची रांग लागली. "काउन्सिलने आपल्या मुलांचं कौतुक केलं!" "प्राउड मोमेंट!" "ऑल क्रेडिट गोज टू मावशी!" मुलीच्या वडिलांनीही हात जोडल्याचे चित्र टाकले. आईने काहीच टाकले नाही. माझी पत्नी ते वाचून झाल्यावर म्हणाली, "शिक्षिका येणार नाही, हे यांना कळलंय का तरी?" मी म्हणालो, कळले आहे, पण त्याचे त्यांना विशेष वाटत नाही. "आणि त्या पोरीचं?" तिने विचारले. उरलेला उन्हाळा तिने त्या मुलीला रोज मुलीच्याच घरी जाऊन अर्धा तास वेगळे बसवले, 'वॉटर प्लीज' म्हणायला शिकवले. मुलगी घरच्या दारापर्यंत ते म्हणे आणि दाराबाहेर पाऊल पडताच मिटून जाई. माझी पत्नी बालवाडीची बाई आहे. या दुखण्यासाठी वेगळे शिक्षण लागते, आणि ते तिच्याकडे नव्हते. म्हणूनच तर मागितले होते.

शाळा सुरू झाली त्या सकाळी मुलीच्या आईचा फोन आला. "काकू, बसपाशी याल का? तुम्ही दिसलात तर तिला बरं वाटेल." आम्ही दोघे गेलो. रस्त्याच्या कडेला पालकांची गर्दी होती, फोटो काढणे चालले होते. बहुतेक मुले रडत होती. एकाने आईचा पाय धरला होता, एक जण "आय डोन्ट वाँट टू गो!" म्हणून ओरडत होता, आणि बस चालवणारी बाई खिडकीतून सगळ्यांना हसून बोलावत होती. ती त्या मुलीला म्हणाली, गुड मॉर्निंग, स्वीटी, तुझं नाव काय? मुलीने तिच्याकडे पाहिले, माझ्या पत्नीकडे पाहिले, आणि कठडा धरून एकटीच वर चढली. कोणाचा हात ओढला नाही. खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली. ओठ घट्ट मिटलेले होते.

तिचे वडील बस वळेपर्यंत मोबाइल धरून उभे होते. मग अत्यंत समाधानाने आमच्याकडे वळले.

"बघितलंत, काका? सगळी पोरं रडली. आपली अजिबात रडली नाही!"

मुलीची आई माझ्या पत्नीच्या खांद्यावर डोके टेकून उभी होती. वडिलांनी तिच्या पाठीवर थोपटले, "आता तू कशाला रडतेस?" म्हणाले, आणि व्हिडिओ पाठवण्यासाठी खाली पाहू लागले.