फाळांचा बैल

तात्या वेल्डर भंगार विकत घेण्याआधी त्याचं घराणं विचारायचे. "कुन्या घरचं हाय बे हे?" भंगारवाल्याला सांगता आलं नाही, तर तो तुकडा खिडक्यांच्या ग्रिलला जायचा. सांगता आलं, तर तात्या त्यावर खडूने नाव लिहून तो दुकानामागे जपून ठेवायचे.

त्या वर्षांत केजमध्ये ट्रॅक्टर वाढत होते आणि औतं भंगारात निघत होती. नांगरांचे फाळ, वखरांची पाती म्हणजे पासा, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा. त्यातून तात्यांनी बैल जोडला. वशिंड फाळांचं, शिंगं धावा वाकवून केलेली. मी शाळेतला ड्रॉइंग मास्तर, औरंगाबादेत पाच वर्षं कला शिकून आलेला. तो बैल पाहिला आणि माझ्या पोटात दुखलं. काय ती मान! गाडी चढाला लागली की बैल जशी खाली घालतो, अगदी तशी. "तात्या, पुढचे पाय आखूड झालेत," मी म्हणालो. ते झाले नव्हते. "आसंल मास्तर. तुमी शिकल्याले मानसं," म्हणत तात्यांनी मला चहा सांगितला. मला त्या चहाचाही राग आला.

पोळ्याला तर कहरच झाला. बैल विकून बसलेल्या घरांतल्या बाया पुरणपोळ्या घेऊन दुकानापुढे आल्या. प्रत्येकीने आपल्या घरचा तुकडा शोधला आणि त्यालाच कुंकू लावलं. "ही आमच्या वखराची पास हाय, मामंजीच्या हातची," एक म्हातारी सांगत होती. माझी चित्रं शाळेच्या कार्यालयात टांगलेली होती. त्यांच्याकडे शिपाईसुद्धा बघत नसे.

पुढे माझे औरंगाबादचे सर माझी चित्रं बघायला येणार असं ठरलं. ही बढाई मी मुद्दाम तात्यांपुढे मारून आलो. मारली आणि मग लक्षात आलं, स्टँडवरून शाळेचा रस्ता त्यांच्याच दुकानावरून जातो. सर एसटीतून उतरले, तसं मी त्यांना मागच्या गल्लीने नेलं, गटारं ओलांडत. सरांनी चित्रं पाहिली, "बरी आहेत" म्हणाले आणि दुपारच्या गाडीने परत गेले.

दोनेक वर्षांत बाजारात तयार खिडक्या आल्या आणि तात्यांचं काम आटलं. वाळूजच्या एका कारखान्यात वेल्डिंगला जायचं त्यांनी ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी हातगाड्यावर बैल घालून ते शाळेत आले.

"ठेवा तुमच्यापाशी. गावात तुमालाच यातलं कळतं."

बैल मी पोरांकडून फाटकाशी उतरवून घेतला. हातगाडा वळवताना ते म्हणाले, "तुमचे सर येनार म्हनून त्या दिवशी ह्याला घासून-पुसून रस्त्यावर उभा केलता, मास्तर. लई वाट बघितली."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तात्या परत आले नाहीत. बैल अजून शाळेच्या फाटकाशी उभा आहे, पोळ्याला बाया येतात, आपापल्या तुकड्याला कुंकू लावतात. एखादा नवा पाहुणा विचारतो, "सर, हा तुम्ही केला का?"

मी नाही म्हणतो. पण तेवढं म्हणायला मला अजूनही क्षणभर उशीर होतो.