माहेरी फोडणी पडली

बायांनो, आज हसाव का रडाव, मलेच कयत नाही.

कापसाचा भाव चढल्यापासून अमरावतीहून रोज बैलबंड्या अकोल्याले जातेत, पण मले माहेरी जाता येत नाही. माह्या भाच्चीले, वैनीच्या सोनीले, पोळा झाल्यावर देवी आल्या. दाराले कडूलिंबाचा डहाळा. देवी घरात असेस्तोवर फोडणी बंद, पाहुणाबी बंद.

सकाळी आमचे बंडीवाले पुंजाजी परतले. मी धावतच गेली.

"डहाळा हाय का अजून?"

"काढला बाई. लसणाच्या फोडणीचा वास गल्लीभर सुटला होता."

वैनीची फोडणी! मले हसूच फुटलं. मंग ध्यानात आलं. देवी पोरीले सोडून गेल्या तरी फोडणी पडते, अन् पोरीले घेऊन गेल्या तरी पडतेच.

"सोनी दिसली का?"

"आंगणात तं कोणीच नव्हतं."

दुपारी सरकारचा टोचणीवाला आला. दंडावर टोचलं की देवी येत नाहीत, आल्या तरी पोरगं वाचते म्हणे. गल्लीत साऱ्यायनं कड्या लावल्या. शेजारच्या काकूनं तं तो परत जावा म्हणून उगाच डहाळा टांगला.

"देवी माय कोपन!" सासूबाई ओरडल्या. मी दार उघडलं अन् माह्या गणूचा दंड पुढं केला. तो रडला, मीबी रडली.

जाता जाता टोचणीवाला म्हणे, पोळ्याच्या आधी अकोल्यातबी गल्लोगल्ली फिरलो.

सांगा ना बायांनो, तवा आमच्या वैनीचं दार उघडं असन का?