पन्नास नंबरची मशीन

"बाई, बंद करा जी!"

आवारापलीकडून सेवकराम चपराशाची अशी हाक आली की पुष्पाबाई मुकाट्यानं कॉम्प्युटरचं बटण दाबायच्या. पडद्यावरची हिरवी अक्षरं विझायची. मग दुसरी हाक येईपर्यंत हात मांडीवर ठेवून नुसतं बसून राहायचं. एकोणनव्वदचा सगळा उन्हाळा त्यांचा असाच चालला होता.

पुष्पाबाईंचं माहेर अड्याळचं, सासर आसगावचं. दोन्हीकडे तळ्याच्या पाण्यावरची धानाची शेती. नवरा भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात फिटर होता. धानाच्या कोंड्याचं तेल काढायचा तो कारखाना. नवरा तापानं गेला आणि कारखान्यानं त्यांना कामावर घेतलं, ते बारदान्याच्या आवारात. रिकामी पोती झटकायची, थप्प्या लावायच्या, संध्याकाळी केसांतला कोंडा धुवायचा. तिथं काम करता करताच त्या टायपिंग शिकल्या. गोदामात कॉम्प्युटर आले तेव्हा तिथं टायपिंग येणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून पहिल्या मशीनवर त्या बसल्या. यात कोणाची मेहरबानी नव्हती. त्या मशीनवर त्यांचा भारी जीव. लग्नाच्या मांडवात, हळदीकुंकवात त्यांना चार पावलं मागं उभं राहावं लागे. मशीनच्या बटणांना मात्र समोरच्या बाईचं कपाळ दिसत नव्हतं.

कारखान्यात तारांनी एकमेकींना जोडलेल्या मशिनींचे दोन घोळके होते, एक मुख्य ऑफिसात आणि एक गोदामात. दोन्हीकडची मांडामांड टेकचंदची. तो आंधळगावचा, वीज विभागातला, नागपूरला जाऊन हे काम शिकून आलेला. गोदामातला साठा आपल्याला ऑफिसात बसून दिसावा असं साहेबांच्या मनात आलं. मग टेकचंदनं आवारातून केबल टाकली आणि दोन घोळक्यांच्या मधे एक पेटी बसवली. तिला तो ब्रिज म्हणायचा. इकडचे निरोप तिकडे आणि तिकडचे इकडे न्यायचे, एवढंच तिचं काम.

हा पूल झाला आणि भांडण सुरू झालं. पुष्पाबाईंनी मशीन लावली की मुख्य ऑफिसात मधुकररावांची मशीन मधेच थिजायची. मधुकरराव म्हणजे अकाउंटचे मोठे बाबू. अडायचं खरं तर दोघांचंही, पण मधुकरराव साहेबांच्या शेजारी बसत. तेव्हा बंद कोणी करायचं हे विचारायची कोणाला गरजच पडली नाही.

टेकचंदनं केबल बदलली. टोकं नव्यानं जोडली. पुष्पाबाईंच्या मशीनमधलं तार जोडायचं कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. उंदरांना शिव्या घातल्या. काही उपयोग झाला नाही. गोदामातल्या बाकी मशिनी बिनबोभाट चालत होत्या, त्रास फक्त या एकीचाच. मग लोकांच्या जिभा सुटायला कितीसा वेळ लागतो?

भैयाजी कारखान्यातले जुने हेडक्लार्क. नारळ फोडणं, मुहूर्त पाहणं ही सगळी खाती त्यांच्याकडे. माणूस दुष्ट नव्हता, पण एकदा चहा पिता पिता बोलून गेला, "हाता-पायाचा गुण असते जी एखाद्याचा. मशीनले का समजत नाही?"

ते बोलणं चहाच्या कपांबरोबरच गोदामात पोचलं. पुष्पाबाईंना आधी राग आलाच नाही. त्या घाबरल्या, कारण त्यांना स्वतःलाही आतून तसंच वाटू लागलं होतं. बटणांना हात लावायच्या आधी त्या हात पदराला पुसू लागल्या होत्या. माणसाला स्वतःच्याच हातांची भीती वाटावी यासारखं वाईट दुसरं काही नाही, असं मला वाटतं.

एके दिवशी मधुकररावांनी निरोप धाडला. सोमवारपासून पुष्पाबाईंनी बारदान्याच्या आवारात जावं, मशीनवर दुसरा माणूस बसेल.

पुष्पाबाई उठल्या आणि सरळ टेकचंदकडे गेल्या.

"भाऊ, मी जाईन बारदान्यात. पण एक डाव माझ्या खुर्चीवर भैयाजीले बसवून पाहा."

"भैयाजीले? काहून?"

"त्यायचा हात शुभ आहे ना? त्यायच्या हातानं चालू होऊ द्या."

भैयाजींना नाही म्हणता येईना. ते आले, मशीनला नमस्कार केला आणि बटण दाबलं. पडदा उजळला, हिरवी अक्षरं उमटली. भैयाजींनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला, तोच आवारापलीकडून आरोळी आली, "बाई, बंद करा जी!"

पुष्पाबाई दूर भिंतीला टेकून उभ्या होत्या. "मी तं इथं उभी आहो," त्या म्हणाल्या. भैयाजी खुर्चीतून असे उठले की जणू ती तापली होती.

टेकचंद मात्र भैयाजींच्या हाताकडे बघत राहिला. त्या हाताकडे बघूनच त्याला नारळ फोडल्याच्या दिवसाची आठवण झाली. त्यानं मशीन उघडून कार्ड काढलं. त्यावर बारीक खटक्यांची एक ओळ होती. ते खटके खालीवर करून प्रत्येक मशीनला तिचा नंबर द्यायचा. निरोप त्या नंबरावर जातात, टपाल घरनंबरावर जातं तसे. बाकीचे नंबर टेकचंदनं विचार करून वेगवेगळे ठेवले होते. पण दोन्हीकडे पहिली मशीन लावताना भैयाजी नारळ घेऊन हजर होते. "शगुनाचा आकडा ठेव बापा," म्हणाले होते. आहेरात पन्नासावर एक ठेवतात, तसा त्यानं ठेवला होता. इथं एक्कावन्न, आणि तिकडे मधुकररावांकडेही एक्कावन्न. घोळके वेगळे होते तोवर काही बिघडलं नाही. पूल झाला आणि एका नंबराची दोन घरं झाली, त्यामुळे एकाचे निरोप दुसऱ्याच्या दारात पडू लागले.

"म्हणजे शगुनानंच घोटाळा केला म्हणा की," टेकचंद म्हणाला. "आता कोणाचा बदलवू?"

"सायबाजवळची मशीन शगुनाचीच राहू द्या," भैयाजी सवयीनं बोलून गेले.

"राहू द्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "मले पन्नास द्या."

भैयाजी चपापले. "पन्नास? वरचा एक नसला तं बरं नाही वाटत, बाई. तसा आकडा दुखवट्याच्या घरी देते."

"ठाऊक आहे मले. माझ्या घरी आला होता. खटके पाडा, भाऊ."

टेकचंदनं खटके पाडले. पुष्पाबाईंनी स्वतः बटण दाबलं. सगळे आवाराकडे कान लावून उभे राहिले. हाक आली नाही. तेव्हा कुठे पुष्पाबाईंना राग आला, उशिरा पण पोटभर. त्यानंतर हात त्यांनी पुन्हा कधी पदराला पुसले नाहीत, आणि बारदान्याचं नावही कोणी काढलं नाही.

पुढं पोळ्याच्या सुमारास मधुकररावांची मशीन पुन्हा एकदा बंद पडली. सेवकराम जुन्या सवयीनं धावत आला, "बाई, बंद करा जी!"

पुष्पाबाईंचं बोट बटणापर्यंत गेलं. तिथं थांबलं आणि परत आलं.

"नाही करत," त्या म्हणाल्या. "मोठ्या बाबूले म्हणा, आपली तार पाहून घ्या."

सेवकरामनं परत जाऊन पाहिलं. टेबलाखालची तार निघून पडली होती. खुर्ची सरकवताना मधुकररावांच्याच पायात अडकून ती निघाली होती. ही गोष्ट दुपारच्या चहापर्यंत सगळ्या कारखान्याला कळली. मधुकररावांच्या पायगुणाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.