दहा रुपयांची थाळी आणि सोयरे

आर्वीच्या एसटी स्टँडसमोर आमचं भोजनालय आहे. म्हणजे बायकोचं आहे. मी तिथे मालक म्हणून बसतो. सरकारी थाळी मंजूर झाली तेव्हा कामांची वाटणी झाली. दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात बायकोकडे. जेवणाऱ्याने दहा रुपये द्यायचे, उरलेले सरकार देणार. पण त्यासाठी प्रत्येकाचा फोटो मोबाईलवरून वर पाठवायचा. ते काम माझ्याकडे आलं.

"तेवढं तरी येईन ना तुमाले?" बायकोने विचारलं.

आलं नाही. पहिल्याच आठवड्यात अर्ध्या लोकांची कपाळं कापली गेली आणि एका आजोबांऐवजी छताचा पंखा सरकारदरबारी रुजू झाला. मग मी स्टुडिओवाल्यासारखा "जरा हसा" म्हणू लागलो. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, आंधी जेवू घाल, मंग हासतो."

पुढे सोयाबीनच्या दिवसांत एक कुटुंब रोज दुपारी येऊन बाहेरच थांबायला लागलं. नवरा, बायको आणि विशीतली मुलगी. आष्टीकडच्या खेड्यातून सोंगणीला, म्हणजे कापणीला, आले होते. शेतात मशीन उतरलं आणि यांचं काम चार दिवसांत आटोपलं. आता कापूस फुटेपर्यंत हाताला काही नाही. नवरा आमची पाटी वरपासून खालपर्यंत वाचायचा. इतक्या मन लावून ती मीही कधी वाचलेली नाही.

तिसऱ्या दिवशी बायकोने मला बाहेर पिटाळलं.

"या ना भाऊ, जागा हाये," मी म्हणालो.

"फोटो काढता म्हणे?"

"हाव. त्याबिगर थाळी पास होत नाई."

"कोण पाह्यते तो?"

"सरकार."

"आन् सरकारच्या बाजूले उभं राहून कोण पाह्यते?"

मग खरी गोष्ट बाहेर आली. मुलीची सोयरिक आर्वीतच जमली होती. मुलाचा बाप बाजार समितीत कामाला. येत्या रविवारी सुपारी फुटून लग्न पक्कं व्हायचं होतं. त्याआधी सोयऱ्यांना कळलं की मुलीकडचे दहा रुपयांच्या थाळीवर जेवतात, तर सगळं मोडेल, ही त्याला धास्ती.

"सुपारी फुटली का मंग पाह्यजे तितके फोटो काढा," तो म्हणाला.

"तंवर पोरीले उपाशी ठेवता काय?" त्याची बायको फणकारली. "कालपासून मुरमुऱ्यावर हाये ते."

आत फोडणी चरचरली की मुलीची मान आपोआप आमच्या दाराकडे वळायची.

आता मी पडलो शहाणा माणूस. माझ्या फोटोत कोणी ओळखूच येत नाही, हे दाखवून त्याला धीर द्यावा म्हणून मोबाईल काढला. लोकांचे फोटो असे दाखवू नयेत, असं बायकोने बजावून ठेवलं होतं. तरी मी बोटाने एकेक सरकवत गेलो. "हा पाहा. हा पाहा. समजते काय कोणाचा कोण?"

सहाव्या फोटोवर त्याने माझं मनगट धरलं.

फोटोत एक गृहस्थ होते. डोळे मिटलेले, मिशीला वरण. आमचं नेहमीचं गिऱ्हाईक, बाजार समितीत हमाल. माल आला नाही की दुपारी आमच्याकडे.

"हे तं आमचे सोयरे!"

मी काढलेल्या फोटोत पहिल्यांदाच कोणी ओळखू आलं होतं, आणि ते नेमके हे.

त्याने माझं मनगट सोडलं. मग बायको-मुलीला घेऊन आत येऊन बसला आणि म्हणाला, "वाढा."

तीन थाळ्या वाढल्या, फोटो झाले. पहिला घास तोंडाजवळ जातो न जातो तोच दारातून सोयरेच आत आले.

"तुमी इथं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"लग्नाले आचारी पाहून राह्यलो," मुलीचा बाप म्हणाला. "म्हटलं, चव घेऊन पाहू."

"मीबी थेच! चवच पाहाले आलो."

"दीड महिन्यापासून पाहून राह्यले ना," माझ्या तोंडून निघालं.

बायकोने आत पातेल्यावर जोरात पळी आपटली, पण उशीर झाला होता.

मुलीने ओढणी डोक्यावर ओढली आणि थाळी बाजूला सारली. तिने अजून तुकडाही मोडला नव्हता. सोयऱ्यांनी त्या थाळीकडे पाहिलं, मुलीच्या बापाकडे पाहिलं, आणि समोरची खुर्ची ओढून बसले.

"जेव वं माय," त्यांनी थाळी तिच्यापुढे सरकवली. "लाजू नको. आमच्या घरचं वरण याच्याहूनबी पातळ हाये, आताच सांगून ठेवतो."

मुलीने आईकडे पाहिलं. मग पोळी मोडली, आणि नंतर मान वर केलीच नाही.

"म्हणजे रविवारचं पक्कं ना, भाऊ?" आईने विचारलं.

"पक्कं. पण सुपारी घरीच फोडू," सोयरे माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "इथं फोडली तं हा माणूस तिचाबी फोटो पाठवीन."