खंडेनवमीला घासलेली पाती

घोटावड्याच्या आमच्या शेडमध्ये दर खंडेनवमीला यंत्रं धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात. मी तिथला तांत्रिक प्रमुख. त्या वर्षी शेडमध्ये तीन पातीही आडवी ठेवलेली होती. मुळशीच्या पठारावर आम्ही उभ्या केलेल्या छोट्या पवनचक्कीची. पावसाचे थेंब जोरात फिरणाऱ्या पात्याची पुढची कड कशी खरवडून काढतात, याचा अभ्यास तीन देशांनी मिळून चालवला होता. प्रत्येक पात्याला वेगळा लेप. दोन पावसाळ्यांनंतर कुठला टिकतो, एवढाच प्रश्न. पाती मोजायला परदेशी पाहुणे दसऱ्यानंतर येणार होते.

मी कामगारांना सांगितलं, "पाहुणे येतायत. एकूणएक वस्तू चकचकीत दिसली पाहिजे." त्यांनी माझा शब्द पाळला. खरबरीत झालेल्या कडांना पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, वरून मेण चोळलं. मग हळदकुंकू. दोन पावसाळ्यांनी जे लिहून ठेवलं होतं ते एका दुपारी पुसलं गेलं. मी बघितलं तेव्हा काय झालंय ते कळलं. पेढे वाटले.

पाहुण्यांनी माळा घातलेल्या पात्यांचे फोटो काढले. त्यातला एक पुढे अहवालाच्या मुखपृष्ठावर गेला. आमचा मूर्खपणा, झेंडूसकट. मोजमाप झालं. तिन्ही कडा गुळगुळीत. ऑनलाइन मीटिंगमध्ये चौकटीचौकटींतून डोकी हलली. आमचे संचालक म्हणाले, "मुळशीचा पाऊससुद्धा हरला." या गृहस्थांनी मुळशीचा पाऊस गाडीच्या काचेतून पाहिलेला. इथं गुडघाभर चिखलात भात लावणारं कुणीही त्यांना हसलं असतं. पण तसं कुणी मीटिंगला नव्हतं. होते ते पदव्यांचे गठ्ठे.

शंका एकट्या म्हाताऱ्या परदेशी शास्त्रज्ञाला आली. त्याच्यापुढे एका वहीच्या पानांचं भाषांतर होतं. वही पठारावरच्या वाडीतल्या मावशींची. पन्नाशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या, शेळ्या राखणाऱ्या. चक्कीवर लक्ष ठेवायचं आणि रोजचा पाऊस मोजून लिहायचा, हे काम आम्ही त्यांना दिलं होतं. पावसाच्या आकड्याशेजारी त्या न सांगता आणखी लिहायच्या. ग्रीस भरायला आम्ही खांब आडवा केला की त्या पात्यावर तळहात फिरवायच्या आणि लिहायच्या : 'दुसऱ्या पात्याची कड खरखर लागते.' पुढे : 'आवाज बदलला. आधी सूं करायची, आता फरफर करते.' त्या वेळी कडांचे फोटो काढणं आमचं काम होतं. आम्ही ते कधीच केलं नाही.

"या बाईंच्या हाताला कड खरखरीत लागली," शास्त्रज्ञानं विचारलं, "मग माझ्या यंत्राला गुळगुळीत कशी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "अडाणी बाई आहे. घरात बसून काहीतरी लिहीत असणार."

इतकं सोपं होतं ते. इंग्रजीत तर आणखी सोपं.

मावशींचं काम गेलं. सांगायला मी ड्रायव्हरला पाठवलं, कारणासकट. दोन दिवसांनी त्या पठार उतरून शेडवर आल्या आणि कामगारांसमोर म्हणाल्या, "सायेब, मी घरात बसून लिवलं व्हय?"

"वरचा निर्णय आहे, मावशी."

"वर कोन? वर मीच ऱ्हातीया."

कामगार हसले. मी फोन आल्याचं नाटक करून आत गेलो.

पेपर छापून आला. मला बढती मिळाली. गेल्या महिन्यात ड्रायव्हरकडून कळलं, की वाडीच्या पाणीपुरवठ्याची नोंद ठेवायला कुणीतरी हवं होतं. मावशींचं नाव निघालं आणि ग्रामपंचायतीच्या बैठकीतच खोडलं गेलं. कारण दिलं : तिची वही खोटी निघाली होती.

त्या दिवशी मी सगळ्या भागीदारांना मेल लिहिला. पाती घासल्याचं कबूल केलं. संचालकांचा फोन आला, "आता हे उकरायची काय गरज होती?" फोन ठेवून मी पठारावर गेलो.

मावशी गोठ्यापुढे शेळीच्या पायातला काटा काढत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी वर पाहिलं नाही.

"पाती घासल्याली मला ठावं हाय. तुमचीच माणसं सांगत व्हती. माझं काय लिवलंय?"

मी मोबाइल काढून मेलमधलं वाक्य मराठीत सांगितलं, "स्थानिक निरीक्षकाच्या नोंदींबद्दल माझा गैरसमज झाला होता."

"निरीक्षक म्हंजी मी?"

"हो."

"मला नाव न्हाई व्हय? आन् गैरसमज कुटं झाला तुमचा? तुमाला तर समदं ठाऊक हुतं."

मी मोबाइल खिशात ठेवायला लागलो.

"हितं बसा," त्या म्हणाल्या, "आन् परत लिवा."

मी दगडावर बसून लिहिलं. त्यांचं पूर्ण नाव, वाडीचं नाव. वही खरी आहे. मी खोटं बोललो. प्रत्येक वाक्य त्यांनी माझ्याकडून मराठीत वाचून घेतलं. 'दुर्दैवाने' हा शब्द काढायला लावला.

"आता धाडा. आन् सरपंचालाबी धाडा, मराठीत. त्या गोऱ्यांचं मला काय करायचंय?"

रेंज नव्हती. त्यांनी टेकाडाकडे बोट दाखवलं, शेळी सोडली आणि मी खरंच धाडतोय की नाही ते बघायला माझ्यामागून चालू लागल्या.