जबलपूर: कुंपणाबाहेरची कबर

माझा धाकटा भाऊ एझ्रा जबलपूरला रेल्वेत फिटर होता. पावसाळ्यात तो तापाने गेला. तार आमच्या हातात पडली तेव्हा त्याची मातीही होऊन गेली होती. बाबांना प्रवास झेपेना, म्हणून दिवाळीनंतर शाळेची सुट्टी बघून मीच निघाले. सारावहिनीला आणि तिच्या लहानग्या लेकीला पेणला घेऊन यायचं, कबरीवर नावाचा दगड बसवायचा, एवढं ठरलं होतं. दगड बाबांनी स्वतः कोरून घेतला होता, वर हिब्रू, खाली मराठी.

आम्ही बेने इस्राएल. कुलाबा जिल्ह्यात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे, म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणतात. गावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. धरमतरहून बोटीने मुंबईला आले आणि इटारसीवरून जाणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात बसले, तेव्हापासून समजावणं सुरू झालं. शेजारच्या बाईने विचारलं, तुम्ही किरिस्ताव का? नाही म्हटलं. मग मुसलमान? तेही नाही. ती जरा सरकून बसली. या वाटेने जाणाऱ्यांनी जेवण घरूनच न्यावं. माझ्याजवळ चपात्या, उकडलेली अंडी आणि खजूर होते, ते पुरले. इटारसीपुढे थंडी झोंबते, घोंगडी हाताशी असू द्या.

शुक्रवारी दुपारी जबलपूर आलं. दिवस मावळायच्या आत घरी पोचायचं होतं. टांगेवाल्याने बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून लांबचा फेरा घातला. सदर बाजाराकडे जायचं असेल तर रस्ता आधी बोलून घ्या. कापडाच्या दुकानांपाशी अंगरखे शिवणारे शिंपी, पुढे गोऱ्यांच्या छावणीतले शांत, झाडून ठेवलेले रस्ते आणि उंच मनोऱ्याचं चर्च.

वहिनी दारातच उभी होती. केवढी वाळली होती. तिने नर्मदेतला रोहू आणून ठेवला होता, खवले असलेला मासा म्हणजे आम्हाला चालणारा. मटण या घरात कित्येक महिने शिजलं नव्हतं, कारण रीतीने कापणारं इथे कुणी नाही. सूर्य कलला तशी ती उठली, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली, कडी घातली आणि मग शाब्बाथचा, आमच्या शनिवारच्या विसाव्याचा, दिवा लावला. आशीर्वाद म्हणून मनुकांच्या सरबताचा पेला लेकीसमोर धरला. मी विचारलं, खिडकी का लावलीस? ती ताटं वाढू लागली.

शनिवारी शेजारच्या कमलाबाई आल्या. त्या मूळच्या अकोल्याकडच्या. मातीच्या दिवशी काय झालं ते त्यांच्याकडूनच कळलं. छावणीच्या कब्रस्तानात पाद्रीसाहेब जागा द्यायला तयार होते, पण प्रार्थना त्यांची आणि वर क्रूस. माणूस वाईट नव्हता, त्याचा नियमच तसा होता. शेजाऱ्यांनी ग्वारीघाटावर दहन करू म्हटलं. वहिनीने दोन्हीला नकार दिला. संध्याकाळपर्यंत एझ्रा घरातच होता. शेवटी कब्रस्तानाच्या कुंपणाबाहेरच्या माळावर कमलाबाईंच्या यजमानांनी आणि चाळीतल्या माणसांनी पहारीने खडक फोडून खड्डा केला.

"मंत्र कोणालेच येत नव्हता, ताई," कमलाबाई म्हणाल्या. "हिनंच म्हटलं काहीतरी, एकटीनं. आम्ही हात जोडून उभे होतो."

रविवारी सकाळी मी बांधाबांध करायला उठले, तर वहिनी पांढरी साडी नेसून लेकीची वेणी घालत होती. चर्चला निघाली होती. मिशनच्या इस्पितळात तिला दाईचं काम मिळालं होतं, लेकीला शाळा. अजून बाप्तिस्मा घेतला नव्हता. नाताळापर्यंत विचार करा, असं मिशनवाल्यांनी सांगितलं होतं.

मी म्हटलं, आजच्या आज माझ्याबरोबर चल.

"वन्सं, पेणला मी कोण? तुमच्या घरची विधवा," ती शांतपणे म्हणाली. "इथे मी कामावर जाते. आणि तिकडे गेले तर यांच्याजवळ कोण?"

"आणि नाताळात?"

"ते मला अजून माहीत नाही."

ती गेली. चर्चची घंटा थांबेपर्यंत मी ओट्यावर बसून होते.

दुपारी ती परत आल्यावर आम्ही माळावर गेलो. कमलाबाईंच्या यजमानांनी दगड बसवून दिला. कुंपणाच्या आत संगमरवरी देवदूत आणि फुलझाडं, बाहेर काळा खडक आणि वाळलं गवत. मला येत होती तेवढी प्रार्थना म्हटली. वहिनी ओठ मिटून उभी होती. पोरीने मात्र मागोमाग शब्द म्हटले, एकही न चुकता.

लोक विचारतात, भेडाघाट पाहिला का? पाहिला. कमलाबाईंनी आग्रहाने नेलं. नाव चांदण्यातच करावी म्हणतात, आम्ही उन्हात केली. संगमरवराचे पांढरे कडे बघताना मला माळावरचा काळा खडकच दिसत होता.

परतीच्या गाडीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. घरी बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चर्चचंही मी सांगितलं, लपवलं नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, शुक्रवारी दिवा लावते का? म्हटलं, लावते, खिडकी बंद करून.

त्या शुक्रवारी दिवा लागल्यावर बाबा उठले आणि रस्त्याकडच्या साऱ्या खिडक्या उघडून आले. वाऱ्याने ज्योत विझली. त्यांनी ती परत लावू दिली नाही. शाब्बाथ लागला होता, आता विस्तव पेटवायचा नाही. आम्ही अंधारातच जेवलो.